एनॉसच्या घड्याळातले तीन

एक वाक्य बोलली असती, तर नैनाच्या पदरात बरंच काही पडणार होतं. चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर नाव, संजीवकाकांच्या पुढच्या चित्रपटात हीच जागा, आणि ईडन प्रेरीहून दर रविवारी फोनवर "पण तू नक्की करतेस काय?" विचारणाऱ्या आईसाठी एक उत्तर. दुसऱ्या पारड्यात फक्त अक्षत होता. त्याचं वजन किती धरायचं, हे तिचं अजून ठरलं नव्हतं.

ती करायची काय, तर मेळ सांभाळायची. एका दृश्यात नायिकेच्या हातात अर्धं सफरचंद असेल, तर पुढच्या दृश्यातही ते अर्धंच हवं. कुठला शॉट किती वाजता संपला, ही नोंदही तिचीच. चित्रपटात बँक लुटून पळालेली एक बाई ओहायोतल्या एका आमिश सुताराच्या घरी लपते आणि त्याच्या प्रेमात पडते. सुतार झालेला नट लॉस एंजेलिसचा होता. खरे आमिश, म्हणजे आधुनिक यंत्रं आणि फोटो टाळणाऱ्या जुन्या ख्रिस्ती पंथाचे लोक, आजूबाजूच्या शेतांत, घोडागाड्या हाकत, विजेशिवाय राहत होते. त्यांनी जागा दिली ती एकाच अटीवर: आमचे चेहरे टिपायचे नाहीत.

मंगळवारी सकाळी एका शेजाऱ्याची अंत्ययात्रा निघाली. काळ्या घोडागाड्यांची लांबच लांब रांग. संजीवकाकांचे डोळे चमकले. सनीव्हेलला कॉम्प्युटर चिपच्या धंद्यात आयुष्य घालवून निर्माते झालेले गृहस्थ. फुकट मिळालेलं सोडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. रांग लांबून टिपायला त्यांनी कॅमेरावाल्या अक्षतला टेकडीवर बसवलं. दुपारी बाकीचे शॉट झाल्यावर, सगळं चित्रण ज्यात साठलं होतं ते कॅमेऱ्यातलं कार्ड ट्रकमधल्या पेटीत गेलं. नैनाने वेळ लिहिली: साडेतीन. साडेचारला कॉपी काढायला पेटी उघडली, तर कार्ड नाही.

बुधवारी सकाळी चौकशी झाली. सेट बांधणारा आमिश सुतार एनॉस आदल्या दुपारी शिडी न्यायला आला होता, म्हणून त्यालाही बोलावलं.

"ट्रकपाशी कधी होतास?" संजीवकाकांनी विचारलं.

"तीन वाजता. हा मुलगा पेटीतून काहीतरी काढून खिशात घालत होता."

सगळ्यांनी अक्षतकडे पाहिलं. काकांनी बोटांवर हिशेब केला. "तीनला तर कार्ड कॅमेऱ्यातच होतं. हा रिकामी कार्डं घेत असणार. काय रे?"

अक्षतने मान डोलावली. जरा जास्तच.

"मग साडेतीनला कार्ड पेटीत होतं असं म्हणणारी एकटी नैना. संध्याकाळपर्यंत कार्ड आण, नाहीतर बॅग भर."

नैनाला एनॉसच्या कारखान्यातलं घड्याळ आठवलं. पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं होतं, तुमचं घड्याळ तासभर मागे आहे. तो हसला होता. उन्हाळ्यात सरकार काटे पुढे ढकलतं, आम्ही नाही ढकलत, म्हणाला होता.

तिने अक्षतला तबेल्यामागे गाठलं.

"कार्ड कुठंय?"

"मला काय माहीत?"

"यार अक्षत, एनॉसचे तीन म्हणजे आपले चार."

तो गवताच्या भाऱ्यावर बसला. "शेगडीत जाळलं. नैना, त्या गेलेल्या माणसाची बायको सरळ लेन्समध्ये बघत होती. एवढ्या लांबून तिला काही दिसलं नसणार, आय नो. पण बघत होती."

"मग काकांना तेव्हाच नाही म्हणायचं."

"म्हणणार होतो. तोवर शूट झालंसुद्धा."

"आणि सकाळी माझ्यावर आलं, तेव्हा?"

"बोलणार होतो गं."

"कधी? तुझ्या घड्याळात किती वाजता?"

या माणसाला अनोळखी बाईची नजर सोसवत नाही आणि माझी चालते, याचा नैनाला मनापासून राग आला. पण ते कार्ड आपल्या हाती लागलं असतं, तर आपण जाळलं असतं का, हा प्रश्न तिला दिवसभर सोडेना. उत्तर "नाही" येत होतं, आणि तेच तिला आवडत नव्हतं.

पाच वाजता ती काकांसमोर उभी राहिली. "काका, माझी नोंद चुकली. कार्ड पेटीत गेलंच नसावं. वाटेत पडलं असेल."

तिच्या कामात नोंद चुकली म्हणणं म्हणजे शिंप्याने मापच घेतलं नाही म्हणावं, तसं होतं ते. "उद्यापासून येऊ नकोस," ते म्हणाले. "आणि सेटवर मला काका म्हणत जाऊ नकोस, हे महिनाभर सांगतोय."

मागे उभ्या अक्षतने तोंड उघडलं, तेवढ्यात दारात एनॉस दिसला. चार मैल चालून आला होता. टोपी हातात, कपाळावर घाम.

"दुपारी जेवताना लक्षात आलं," तो म्हणाला. "माझे तीन म्हणजे तुमचे चार. सकाळी माझ्याकडून खोटं बोलल्यासारखं झालं. तेवढं दुरुस्त करून घ्या."

टोपी घालून तो निघून गेला. पुढे काय झालं, हे त्याने विचारलंही नाही. काकांनी पुन्हा बोटांवर हिशेब केला, अक्षतलाही बॅग भरायला सांगितली, आणि बरोबर नोंद चूक म्हणणाऱ्या नैनालाही परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्षतच्या गाडीतून दोघं शिकागोला निघाली. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एखाद्या देशी हॉटेलात जेवू, पुढचं पुढे, एवढंच ठरलं होतं. इंडियानाच्या पश्चिम टोकाला वेळेचा पट्टा बदलला आणि फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास मागे गेलं.

"बघ," नैना म्हणाली, "आता एनॉसचे तीन ते आपले तीन."

अक्षत हसला. ती हसली नाही, पण रागही बराचसा मागे राहिला होता.

अक्षतचं काम गेलं. नैनाचं काम गेलंच, शिवाय तिने लिहिलेल्या वेळेवर या धंद्यात आता कोणी विश्वास ठेवणार नव्हतं. संजीवकाकांचा फुकटचा शॉट गेला. एनॉसला जाऊन-येऊन आठ मैल चालणं पडलं. आणि जिच्या चेहऱ्यापायी हे सगळं झालं, ती बाई त्या सकाळी नवऱ्याच्या वाट्याच्या गाई दोहत होती. तिच्यापर्यंत यातलं काहीच पोचलं नाही.