तेविसावा संदर्भ

सर संदर्भयादी तपासायला बसले की अख्ख्या प्रयोगशाळेला धडकी भरायची. प्रयोग बरोबर आहे की चूक, याचं त्यांना एवढं पडलेलं नसे. पण लेखकाच्या आद्याक्षरानंतर टिंब आहे का, नियतकालिकाचं नाव तिरक्या अक्षरांत आहे का, एवढ्यावरून ते माणसाची सालटी काढत. मागून सगळे त्यांना 'स्वल्पविराम' म्हणायचे. आणि सहा वर्षं त्यांच्या हाताखाली पीएचडी करणाऱ्या बाईला सर 'मुळंवाली' म्हणायचे. तेही तोंडावर.

मुळंवाली कशावरून, तर मातीतून केसासारखी बारीक मुळं न तोडता सुटी करायची पद्धत तिनं शोधली होती. मिठाचं पाणी, पसरट ट्रे आणि हळूहळू डोलवणं. सांगायला एवढंच, पण ते जमेपर्यंत दोन वर्षं तिच्या बोटांच्या भेगा भरल्या नव्हत्या. त्यावर तिनं लेख लिहिला तेव्हा सरांनी नाक मुरडलं होतं. "असल्या चिल्लर अंकात माझं नाव नको." म्हणून तो लेख एकटीच्या नावावर छापून आला. आता चार ठिकाणचे लोक ती पद्धत वापरायला लागले, आणि सरांच्या पोटात दुखायला लागलं.

यंदा दोघांचा मोठा लेख एका नामांकित नियतकालिकानं स्वीकारला. पहिलं नाव सरांचं, दुसरं तिचं. संदर्भ पन्नासच हवेत, एकही जास्त चालणार नाही, असा नियतकालिकाचा नियम. तिनं तीन आठवडे डोळे फोडून पन्नास संदर्भ त्यांच्या साच्यात बसवले. तेविसावा तिचा तो जुना लेख. चोविसावा मॅडमचा, या मॅडम म्हणजे पूर्वी याच विभागात असलेल्या, सरांशी भांडून दुसरीकडे गेलेल्या. पंचविसावा खुद्द सरांचा.

शेवटची फाइल सरांनी एकदा नजरेखालून घातली आणि तिच्याकडे परत पाठवली. सोबत एक ओळ: 'काही करू नकोस, फक्त पाठव.'

तिनं ती उघडलीच. यादीत तेविसाव्या जागी मॅडमचं नाव होतं. ती खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. तिचा लेख कुठेच नव्हता. तो उडवून सरांनी शेवटी पन्नासावा म्हणून स्वतःचा आणखी एक लेख डकवला होता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिन्यांनी तिचा प्रबंध जायचा होता. तो उभाच होता त्या पद्धतीवर. बाहेरून आलेला परीक्षक विचारणार, बाई, तुमच्याच मोठ्या लेखात ही पद्धत तुमची असल्याचं नाही, मग उचलली कुठून? सहा वर्षं पाण्यात.

ती तशीच सरांच्या खोलीत घुसली.

"सर, माझा संदर्भ का काढला?"

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुझा? माती माझी, ट्रे माझे, टेबल माझं. त्यात तुझं काय गं?"

"डोकं माझं होतं."

"वा! तोंड फुटलं की मुळंवालीला. प्रबंधावर सही कोणाची लागते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. पण सर, क्रमांक सगळे..."

"एक अक्षर बोलू नकोस! मला शिकवतेस संदर्भ कसे लावायचे? तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून लावतोय मी. जा आणि पाठव."

ती गेली आणि तिनं पाठवलं. पाठवण्याआधी मजकुरातले क्रमांक तिनं मुद्दाम पुन्हा पाहिले. ते पाहून सरांना सांगायचं म्हणून तोंडाशी आलेलं वाक्य तिनं गिळून टाकलं ते कायमचं.

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता वहिनीनं सगळं ऐकून घेतलं आणि हातातला टॉवेल आपटला. "आणि तुम्ही मुकाट्यानं पाठवलंत? वन्सं, तुम्हाला काय म्हणावं!"

"अगं, मजकुरातला क्रमांक आपोआप बदलत नाही आता," ती म्हणाली. "आधी संदर्भ हलला की मजकुरातला आकडाही हलायचा. पण मागच्या आठवड्यात त्यांनीच मला ते दुवे तोडायला लावले, संपादकांकडे फाइल उघडत नाही म्हणून. आता यादीतला एक काढला तर खालचे सगळे वर सरकणार, आणि मजकुरातले आकडे आहेत तिथेच राहणार."

"म्हणजे?"

"म्हणजे छापून येईल तेव्हा कळेल."

आलं छापून. 'मुळे वेगळी करण्याची पद्धत पूर्वीच विकसित झाली आहे (२३)', आणि तेविसाव्या जागी मॅडम. पुढच्या पानावर सरांनी मॅडमना टोचायला मोठ्या हौसेनं घातलेलं वाक्य, 'या निष्कर्षांत ढोबळ चुका आहेत (२४)', आणि चोविसाव्या जागी आता सर स्वतः! मॅडमनी सरांना पत्र धाडलं, विभागातल्या यच्चयावत लोकांना प्रत देऊन. पद्धतीचं श्रेय दिल्याबद्दल आभार, आणि स्वतःच्या चुका इतक्या मोकळेपणानं कबूल केल्याबद्दल अभिनंदन. शिपाईसुद्धा खाली मान घालून हसत होता.

तिला मात्र हसू येईना. मॅडमचं नाव आपल्या कामापुढे पाहून तिला रडायला आलं होतं. दोन वर्षं चिघळलेली बोटं तिची, आणि नाव तिसऱ्याच बाईचं.

दुसऱ्या दिवशी सर पहिल्यांदा तिच्या टेबलापाशी आले. हातात दुरुस्तीचा अर्ज. "सही कर. सगळ्या लेखकांची लागते."

तिनं वाचला. 'संदर्भ २३: सरांची अप्रकाशित माहिती.' तिनं अर्ज त्यांच्याकडे सरकवला. "नाही करणार."

"अगं, वेड लागलंय का? ते असंच राहिलं तर पद्धत त्या बाईच्या नावावर जाईल. तुझंच नुकसान आहे."

"माझं तुम्ही करून ठेवलंत आधीच. आता राहिलंय ते फक्त तुमचं नुकसान, त्या ढोबळ चुकांचं. राहू दे तसंच."

"मी तुझा प्रबंध अडवेन!"

"अडवा. मग मी विभागप्रमुखांना दोन्ही फाइली दाखवते. माझी तुमच्याकडे आली तेव्हाची, आणि तुमची परत आली तेव्हाची."

सरांचा चेहरा लालबुंद झाला. ते दारापर्यंत गेले, थांबले, परत आले. मग तिची खुर्ची ओढून तिच्याच संगणकापुढे बसले. ती बाजूला उभी राहिली. पडद्यावर त्यांनी 'संदर्भ २३' लिहिलं, दोन टिंबं दिली आणि बोटं तशीच अधांतरी राहिली.

"काय झालं?" तिनं विचारलं.

सर तिच्याकडे न बघता म्हणाले, "आडनाव काय तुझं?"