चालतो, तरी बाहेर

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम क्लीनर आहे आणि मला भयंकर राग आलेला आहे. म्हातारी यंत्रं आपली कहाणी सांगायला बसली की गळा काढतात. मी काढणार नाही. माझा गळा रबराचा आहे आणि तो अजून ठणठणीत आहे.

आमचं गाव वॉरिगल क्रीक, ऑस्ट्रेलियाच्या पार पोटात, खाणीला चिकटून. नावात ओढा आहे, पण त्या ओढ्यात पाणी पाहिलेला माणूस मला अजून भेटायचाय. लाल माती मात्र मागाल तेवढी. दाराखालून येते, छताच्या पत्र्यातून येते, झाकण घट्ट लावलेल्या डब्यातल्या बिस्किटांवरही बसते. अशा गावात व्हॅक्यूम क्लीनर निवडणं म्हणजे घरात जावई आणण्यासारखं आहे. चुकलात तर रोज भोगा.

मला निवडलं एल्वा ट्रेगेन्झाने. तिचा नवरा क्लॅरी खाणीत कामाला होता आणि खाणीने त्याच्या छातीत आपली धूळ कायमची ठेवून दिली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "याच्या घरात धूळ नको. श्वास अडकला तर सुटायचा नाही." म्हणून एल्वा दुकानात आली ती हातात कागदी पिशवी घेऊनच. दुकानदार चकचकीत यंत्रांचे गुण गायला लागला. एल्वाने ऐकून घेतलं आणि पिशवी त्याच्या गालिच्यावर उपडी केली. तिच्याच ओसरीवरची लाल माती!

"अहो बाई, हे काय?" दुकानदार ओरडला.

"माझं घर आहे ते. आता दाखव, कोण साफ करतो."

एक यंत्र खोकलं. दुसऱ्याने पुढून घेतलेलं मागून सोडलं. मग माझी पाळी आली. मी माती ओढली, गालिच्यावरचा चहाचा जुना डागसुद्धा ओढला आणि दुकानदार मागे सरकला नसता तर त्याची विजारही गेली असती. पण एल्वा एवढ्यावर भुलणारी नव्हती. तिने मला पालथा केला. ब्रश फिरवणारा पट्टा साध्या चमच्याने निघतो का पाहिलं. धूळ बंद पिशवीत राहते ना, पिशव्या याच गावात मिळतात ना, सोंड फाटली तर दुसरी मिळेल ना, सगळं विचारलं. शेवटी क्लॅरीला म्हणाली, "दिसायला रेडा आहे. पण हाच घेऊ."

तेव्हापासून माझं नाव रेडा.

मित्रांनो, मी काय काय गिळलं म्हणून सांगू? एका वादळानंतर इतकी माती ओढली की पिशवी परसात रिकामी केली तिथे टेकडी झाली, आणि नकाशा काढणारे लोक येऊन तिची उंची मोजून गेले. चहाला आलेल्या पाद्रीबाबांचा केसांचा टोप मी एका घोटात घेतला. त्यांनी रागावण्याऐवजी टाळूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बरं झालं, फार उकडत होतं." खोटं वाटत असेल तर पाद्रीबाबांना विचारा. ते वारले, ही माझी चूक नाही.

आणि क्लॅरी श्वास घेत राहिला. माझं खरं काम ते होतं.

मग एल्वा गेली. बापाला सांभाळायला मुलगी आली, नरेल, ॲडलेडहून. मुलगी मायाळू, कष्टाळू. पण यंत्र निवडायची अक्कल? शून्य! एक दिवस ती जांभळ्या रंगाचं, बिनवायरीचं, काडीसारखं काहीतरी घेऊन आली.

"बाबा, बघा किती हलकं! भिंतीवर टांगता येतं. दुकानातल्या पोराने जमिनीवर रंगीत गोळ्या टाकल्या आणि यानं सगळ्या गट्टम केल्या!"

"आपल्या घरात रंगीत गोळ्या पडतात का गं?" क्लॅरीने विचारलं.

"बाबा, तुम्हाला नवीन काही आवडतच नाही."

"तसं नाही पोरी. पण रेडा चालतोय की."

"रेडा ओरडतो किती! आणि दिसतो कसा!"

दिसतो कसा! मी तिथे शोकेसमध्ये बसायला आलो होतो काय?

आमच्याकडे नगरपालिकेची मोठ्या कचऱ्याची गाडी येते तेव्हा लोक नको ते सामान घरापुढच्या गवताच्या पट्टीवर मांडतात. गाडी येण्याआधी ज्याला जे हवं ते तो खुशाल उचलतो. नियम एकच. गवतावर ठेवलेलं परत मागायचं नाही. मागणाऱ्याची गावात छी थू होते. नरेलने मला मोडक्या खुर्चीशेजारी ठेवलं आणि माझ्या पाठीवर पुठ्ठा चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चालतो'.

चालतो! स्वतःच्या हाताने लिहिलं! अरे, चालतो तर बाहेर कशाला? मोडलेल्याला बाहेर काढलं तर मी समजू शकतो. पण 'चालतो' लिहून बाहेर काढणं, हा अपमान मी माझी मोटर जळेपर्यंत विसरणार नाही.

मला उचललं शेजारच्या स्टाव्रोने. याची शर्यतीची कबुतरं एल्वाच्या धुतलेल्या चादरींवर घाण करायची, म्हणून क्लॅरीचं आणि त्याचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. पाद्रीबाबांचा टोप गिळणारा मी, आता कबुतरांची पिसं गिळायला लागलो. कबुतरं माझ्याकडे बघून हसायची. सगळ्यांच्या नोंदी माझ्या डोक्यात आहेत.

मग वादळ आलं. भरदुपारी आकाश वीटकरी झालं आणि अख्खं रान नरेलच्या घरात शिरलं. वारा थांबल्यावर तिने ती जांभळी काडी काढली. बैठकीची खोली अर्धी होते न होते तोच काडीने मान टाकली. तिच्यातली वीज संपली. नरेलने काडीचा धूळ साठवणारा पारदर्शक पेला स्वयंपाकघरातच रिकामा करायला उघडला आणि बारीक माती फस्सकन सगळ्या घरात उडाली.

क्लॅरीचा खोकला मला कुंपणापलीकडे ऐकू आला. असा खोकला, की कबुतरंसुद्धा गप्प झाली.

नरेल कुंपणापाशी आली. चेहरा लाल मातीने माखलेला, त्यावर डोळ्यांतून दोन ओघळ.

"काय गं?" स्टाव्रो म्हणाला. "रेडा परत मागायला आलीस?"

"मागायचं नसतं, माहीत आहे मला. पण बाबांचे ओठ निळे पडलेत हो, स्टाव्रोकाका."

"मग बोलत काय उभी राहिलीस? म्हाताऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात आणून बसव. तिथे धूळ नाही. आणि डॉक्टरीणबाईला फोन कर!"

त्याने मला खांद्यावर टाकलं आणि कुंपणावरून उडी मारली. त्या वयात! मग आम्ही दोघे त्या घरावर तुटून पडलो. माझ्या सगळ्या अपमानाची मी त्या मातीवर वसुली केली. भिंतींना आत ओढेन की काय, असं स्टाव्रोला वाटलं. पलीकडे डॉक्टरीणबाईंनी क्लॅरीच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली. दिवेलागणीला तो हळूहळू चालत स्वच्छ घरात परतला, खुर्चीत टेकला आणि त्याने एक लांब, सरळ श्वास घेतला.

"स्टाव्रो," तो म्हणाला, "तुझी कबुतरं अजून तशीच घाणेरडी आहेत का रे?"

"आहेत. आणि तू तसाच खडूस आहेस."

दोघे हसले. नरेल रडली. आणि स्टाव्रोने मला उचललं.

"हे बघ पोरी, घर मी येऊन साफ करून देईन. पण रेडा माझा. नियम म्हणजे नियम. तुझा तू निवड. हवं तर याला बरोबर ने, याला कळतं."

म्हणून मी दुकानात गेलो, गाडीच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून. नरेलच्या मांडीवर कागदी पिशवी होती. तोच पोरगा रंगीत गोळ्या घेऊन पुढे आला. नरेलने पिशवी त्याच्या पायाशी उपडी केली.

"मॅडम! हे काय?"

"माझं घर आहे ते," नरेल म्हणाली.

आवाज तिचा होता, पण शब्द एल्वाचे. माझ्या सोंडेत काहीतरी अडकलं. पीस असेल.

चकचकीत यंत्रं एकामागून एक खोकली. शेवटी पोरग्याने कोपऱ्यातून एक जाडजूड, करडं, पिशवीवालं धूड ओढत आणलं. त्याने माती ओढली आणि आत ठेवली. नरेलने त्याला पालथं केलं, पट्टा काढून पाहिला, पिशव्यांचं विचारलं. मग माझ्याकडे वळून बघितलं. मी सोंड दुसरीकडे वळवली. राग होता ना. तिने तेच धूड घेतलं.

तर मित्रांनो, यंत्र निवडायला जाल तेव्हा रंग बघू नका, आपल्या घरची धूळ सोबत न्या. पोटात घेतलेलं आत ठेवतो का, मोडला तर दुरुस्त होतो का, एवढं विचारा. आणि निवडलात, की मग तो ओरडो, नाहीतर कुरूप दिसो, त्याला सांभाळा. जो चालतो त्याच्या पाठीवर 'चालतो' लिहून त्याला गवतावर ठेवू नका. त्याला वाचता येतं.