अकरावी कैची

लाँड्रीसमोर एवढी गर्दी गल्लीने एकदाच पाहिली होती, आग लागली तेव्हा. या वेळी आग नव्हती, तरी माणसं जास्त होती. धुतलेले कपडे न्यायला आलेले लोक कपडे विसरून, माना वर करून उभे होते.

इस्त्रीच्या खोलीचं फळ्यांचं छत वाफेने कुजलं होतं, म्हणून ते काढायचं काम चालू होतं. खाली गिऱ्हाइकांचे कोट टांगलेले. त्यामुळे रोज कोटांची एक रांग हलवायची आणि तेवढ्याच फळ्या उतरवायच्या, असा बेत. दर वेळी वर एक कैची उघडी पडे, म्हणजे छपराचं ओझं पेलणारे, माथ्याशी जोडलेले दोन तिरपे वासे. पहिल्या कैचीवर एक ओरखडा निघाला. दुसरीवर दोन. तिसरीवर तीन निघाले, तेव्हा सासूबाईंनी बॉयलर बंद केला आणि कानोसा महाराजांना बोलावलं.

महाराज भिंतींचा, दारांचा आणि जमलंच तर माणसांचाही कानोसा घेत. त्यासाठी त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप असे. कुठल्या डॉक्टरचा, ते विचारायची पद्धत नव्हती. धुपाटणं घेऊन ते एकटेच माळ्यावर चढले, छपराची छाती बराच वेळ तपासली आणि खाली येऊन म्हणाले, "ती मोजतेय."

"कोण ती?"

"जिला मोजायचंय ती."

एवढं नेमकं उत्तर गर्दीला लगेच पटलं.

"उद्या चार नखं ओढेल," महाराज डोळे मिटून म्हणाले. "मग मूठ मिटेल, दोन बोटं फाकतील. मग परत नखं. आणि शेवटी काट मारेल. काट पडली की घरातलं एक माणूस बाहेर गेलं पाहिजे. नाही गेलं, तर ती नेईल."

"चारच नखं का हो?" एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"अंगठा तुटलाय."

"अरेरे," गर्दीतली एक बाई हळहळली.

आणि सगळं शब्दाला शब्द खरं झालं. IIII. मग V. VI, VII, VIII. मग दोन फाकलेली बोटं आणि चार नखं, VIIII. आज सकाळी दहावी कैची उघडली. तिच्यावर काट होती. ठसठशीत X.

"घरात नवं माणूस एकच आहे," सासूबाई म्हणाल्या. "मी कुणाचं नाव घेत नाही."

नाव घ्यायची गरजच नव्हती. सून लग्न होऊन आली आणि त्याच महिन्यात छत उघडलं. तिला कायमचं माहेरी धाडायचं ठरलं. नवरा आतल्या खोलीत तिची बॅग भरत होता. प्रत्येक साडीला आधी कडक इस्त्री करत होता. घरचा धंदाच तो.

सून मात्र कोटांमध्ये बसून होती. ती घाबरली नव्हती असं नाही. गेले काही दिवस या खोलीत तिच्या पाठीवर काटा येई. वारा नसला तरी ते बिनमुंडक्यांचे कोट किंचित हलत आणि वरचे ओरखडे आपल्याच मानेपर्यंत मोजत येताहेत असं वाटे. हात रिकामे राहिले की जास्तच वाटे, म्हणून तिने कामाचा ढीग ओढला आणि नंबर शिवायला घेतले. लाँड्रीत कोटावर एक आणि पँटवर एक असा तोच नंबर लाल दोऱ्याने शिवायचा, म्हणजे जोडी फुटत नाही. हातात आला होता 9. तिने सवयीने खाली आडवी रेघ घातली. नाहीतर कपडा उलटा धरला की त्याचा 6 होतो.

ती थांबली. वर बघितलं. नवव्या कैचीच्या डाव्या वाशावर VIIII होतं. उजव्या वाशावरही तेच. कोट आणि पँट.

ती उठून बाहेर आली. महाराज छताचं काम करणाऱ्या पीओपीवाल्याला सांगत होते, "मोजणी संपली. आता एकही फळी काढायची नाही. खालून नवं छत ठोकून टाक."

"आणखी एक काढू या," सून म्हणाली.

"पुढे काही नाही, पोरी."

"आहे. काट आणि शेजारी एक उभी रेघ. दोन्ही वाशांवर."

गर्दी मागे सरकली. "हिच्यातच शिरलीय!" कुणीतरी ओरडलं. सासूबाईंनी खांब धरला. पण आता बघितल्याशिवाय कोण हलतंय? पीओपीवाल्याने पहारीने फळ्या उचकटल्या. दोन्ही वाशांवर XI.

तीच हळहळणारी बाई सुनेच्या पायावर कोसळली. "माताजी! आमच्या मोरीचंही बघा काहीतरी!"

"अहो उठा, मला फक्त बेरीज येते. उभी रेघ एक, खाच पाच, काट दहा. हे रोमन आकडे आहेत."

"चूक!" सासरे गल्ल्यामागून गरजले. ते निवृत्त मुख्याध्यापक. भूत त्यांना मान्य होतं, पण चुकीचा आकडा नव्हता. "चार म्हणजे IV. पाचाआधी एक, म्हणजे पाचातून एक वजा. नऊ म्हणजे IX. चौथ्या कैचीलाच मी हे आकडे बाद केले. असं लिहिणाऱ्याला मी नापास करीन."

"मामंजी, हे करा ना जरा." तिने शर्टाच्या घडीतला पुठ्ठा काढला, त्यावर खडूने IX लिहिलं आणि त्यांच्या हातात दिलं. "आता उलटा धरा."

सासऱ्यांनी पुठ्ठा फिरवला. चष्मा वर केला, खाली केला. "अकरा," ते म्हणाले. आवाजात मुख्याध्यापक उरला नव्हता.

"वासा उलटा-सुलटा कसाही पडतो. IX लिहिलं असतं, तर नववा आणि अकरावा कळला नसता. म्हणून सुतारांनी वजाबाकी टाळली. आपण 9 खाली रेघ मारतो, तसंच. आणि पटाशीने सरळ घावच बसतात, गोलाई जमत नाही. म्हणून रोमन."

"पण महाराजांना आधी कसं कळलं?" पायाशी बसलेल्या बाईने विचारलं.

शिडीच्या टोकावरून पीओपीवाल्याने बॅटरी आत फिरवली. "ताई, इथं धुळीत गोल गोल ठसे आहेत. नाण्याएवढे. पार शेवटच्या कैचीपर्यंत."

सगळ्यांचे डोळे स्टेथोस्कोपच्या चकतीवर गेले.

"सगळे आकडे पाहून आलात," सून म्हणाली. "पण काटेवर थांबलात. अकराला कोण घाबरणार?"

महाराजांनी कानोसा घेतला, या वेळी गर्दीचा, आणि ते मागच्या दाराने निघून गेले.

"मग मोजत होतं कोण?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"माणसं होती, आई. कुठल्या तरी अंगणात कैच्या जुळवल्या, नंबर घातले, सुट्या करून इथे आणल्या आणि पुन्हा जोडल्या. आता त्यांतलं कुणी नसेल. ती माणसं लाकडं मोजत होती. आणि तुम्ही मला उणी करायला निघालात."

नवरा बॅग घेऊन दारात उभा होता. ती त्याने खाली ठेवली. वर ते जुने घाव तसेच होते. आता ते ओळखू येत होते, तरी अंगावर काटा येत होताच.

"भीती मलाही वाटली," सून सगळ्यांना म्हणाली. "वाटू दे. पण भीती वाटते तिथली पुढची फळी काढून बघायची. आणि जो काढू नका म्हणतो, त्याला विचारायचं, का?"

सासूबाईंनी पदर खोचला आणि शिडी धरली. "शेवटची राहिलीय ना? काढ रे."

"काय निघेल, आई?" सुनेने विचारलं.

सासूबाईंनी बोटांवर जुळवून पाहिलं. "काट," त्या म्हणाल्या, "आणि... दोन रेघा."

फळी कर्रकन सुटली. सासूबाईंनी डोळे मिटले नाहीत.