गूळ लागलेलं बोट

बजरंगच्या दुसऱ्या ठोशाला माझ्या भावाचा, उत्तरेश्वरदादाचा, दात पडला. तिसरा ठोसा मी मारू दिला नाही. मी बजरंगच्या दंडाला चावले. हो, चावले! दहावीतली पोरगी, कडकडून!

आधीचं सांगते. दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यानं रक्तातली साखर मोजायचं स्वस्त मशीन बनवलंय. पट्टीवर रक्ताचा थेंब पडला की त्यातल्या साखरेमुळं बारीकशी वीज तयार होते, आणि आकडा येतो. लॅबमध्ये दोनशे वेळा बरोबर आला. म्हणून केजजवळच्या आमच्या गावात, आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर, आम्ही टेबल मांडलं. सिस्टर लस द्यायला वस्तीवर गेलेल्या.

तेवढ्यात बजरंगनं त्याच्या वडिलांना, म्हाळूकाकांना, गुऱ्हाळावरून मोटरसायकलवर घालून आणलं. काका रोज इन्सुलिन घेणारे. घामानं ओलेचिंब, हात लटलटा कापत होते.

दादानं बोट टोचलं. आकडा आला ४३८.

"लई वाढली की!" म्हणत बजरंगनं पिशवीतून इन्सुलिनची सुई काढली.

माझं लक्ष काकांच्या बोटाकडं गेलं. नखापर्यंत गूळ! सकाळपासून ढेपाच भरत होते ते.

"थांब! मशीननं बोटावरचा गूळ मोजलाय. शुगर वाढली न्हाई, उतरलीय. घाम बघ की! सुई दिलीस तर आणखी उतरंल!"

"तू डॉक्टर हायस का? मशीन तुमचंच, आन् तुमीच खोटं म्हणता?"

दादानं त्याचा सुईवाला हात धरला. मग ठोसे, मग दात, मग माझं चावणं. सुई खाली पडली, मी चपलेनं चिरडली. काकांचं बोट साबणानं धुतलं, कोरडं केलं, परत टोचलं.

आता ४१.

"एका माणसाचे दोन आकडे? बापाचा जीव घेता का बे!" बजरंगनं मशीन उचलून पायरीवर आपटलं. वर दगड घातला. दादा आडवा गेला तर त्याच्या पोटात लाथ बसली. मला ढकललं, माझं डोकं भिंतीवर आदळलं आणि कानामागून गरम रक्त उतरलं.

काकांचे डोळे फिरायला लागले होते. पण विचारलं की हुंकार देत होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात गुळाचा खडा सापडला. तो पाण्यात कालवून मी पेला त्यांच्या ओठाला लावला.

"शुगरच्या माणसाला गूळ पाजती!" बजरंगनं माझी वेणी धरून मागं खेचलं. मान मोडतेय असं वाटलं. पेला काही मी सोडला नाही.

"गिळा काका! गिळा!"

एक घोट. दोन घोट. पेला संपला. नंतरची दहा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. दादा बजरंगच्या पायाला मिठी मारून पडलेला, बजरंग त्याच्या पाठीत बुक्क्या घालतोय, वेणी अजून त्याच्या मुठीत.

मग काका बारीक आवाजात बोलले, "बजऱ्या, पोरीची येणी सोड."

त्यानं सोडली. मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

तीन महिन्यांनी दादानं नवं मशीन आणलं. यात आधी बोट एका चकतीवर टेकवायचं. बोटावर साखर सापडली तर लाल दिवा लागतो आणि आकडा येतच नाही. ही आयडिया माझी!

पहिला आला बजरंग, स्वतःची शुगर तपासायला. बोट टेकवलं. लाल दिवा.

"आगं, धुतलेत मी हात!"

मी नळाकडं बोट दाखवलं. "परत धू. का चावू?"

दंड चोळत तो नळाकडं गेला.