तीनशे बेचाळिसावं मत

चौडक्काला मी मारलं ते बसल्या जागी, शाळेच्या ओसरीत, निळ्या पेनानं.

तेव्हा मी हुलीकेऱ्याला मास्तर होतो आणि गावाची मतदारयादीही माझ्याच गळ्यात होती. यादीत दोन चौडम्मा होत्या, दोघींच्या नवऱ्यांचं नाव हनुमंतप्पाच. वरच्या आळीतली वारली. दुसरी, जिला सगळे चौडक्का म्हणायचे, धरणाच्या पाण्यापलीकडे राहायची आणि रोज टोपलीच्या होडीतून येऊन आमच्या शाळेत मुलांचा भात-सांबार शिजवायची. घर नंबर तपासायचा मला कंटाळा आला आणि 'मयत' हा शेरा चुकीच्या ओळीपुढे पडला.

मतदानाच्या दिवशी तिला दारातूनच परत पाठवलं. बाहेर यादी घेऊन मीच बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली. साडीचा काठ ओला.

"काय ओ मास्तर, मी मेले आणि मला कळवलंसुद्धा नाहीत?"

रांगेतले लोक हसले. मीही हसलो, त्याची लाज मला अजून वाटते. तिनं हात पुढे केला. "धरून बघा की. गरम आहे का नाही?"

"अक्का, चूक झाली. पुढच्या वेळेला घालतो नाव."

"म्हणजे तोवर मेलेलीच राहू?"

नाव परत घालायच्या अर्जावर माझी सही लागायची. ती आली तेव्हा मुलांच्या परीक्षा होत्या. म्हटलं, उद्या या. पुन्हा आली तेव्हा मी जेवत होतो. म्हटलं, उद्या या. तिसऱ्यांदा येताना पाण्यावर वारं सुटलं आणि होडी उलटली. अर्ज तिच्या कमरेच्या पिशवीत सापडला, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेला. "चला, मास्तरांची यादी बरोबर झाली," असं कोणीतरी म्हणालं. मी बदली मागून घेतली.

पाच वर्षांनी विधानसभेच्या वेळी कुठं ड्युटी लागते ते कॉम्प्युटर ठरवत होता. माझ्या चिठ्ठीवर आलं: हुलीकेरे, केंद्राध्यक्ष. मी दोनदा वाचलं.

सकाळी उमेदवारांच्या माणसांसमोर पन्नास खोटी मतं देऊन मशीन तपासलं, ती पुसली, प्रत्येक मताला मशीनमधून पडलेल्या चिठ्ठ्यांवर मागून शिक्के मारून काळ्या पाकिटात बंद केल्या. आकडा शून्य दाखवला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या. दुपारी तीनला केंद्र ओस पडलं. उमेदवारांची माणसं चहाला गेली. मशीनचं बटण सांभाळणारा पोरगेला कारकून चित्रान्न खायला गेला, म्हणून त्याच्या खुर्चीवर मी बसलो. रजिस्टरपाशी गौरम्मा मॅडम पेंगत होत्या.

एक बाई आत आली आणि सरळ पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेली. मान खाली, साडीचा काठ ओला. दिवसभरात सवय झालेली असते. माणूस आडोशामागे गेलं की बोट आपोआप बटणावर जातं. मी बटण दाबून मत सोडलं. जरा वेळानं मशीनचा लांब आवाज झाला, मत पडल्याचा.

गौरम्मा मॅडम दचकल्या. "कोणासाठी सोडलंत सर? माझ्याकडे तर कोणी आलंच नाही."

"आत्ता गेली ना एक बाई."

"कुठली बाई?"

मी उठून आडोशामागे पाहिलं. कोणी नव्हतं. शाळेच्या लाल फरशीवर ओली पावलं आत गेली होती. बाहेर येणारी नव्हती. मी घाईघाईनं खडूपुसण्यानं ती पुसून काढली, का ते मला आजही सांगता येणार नाही.

संध्याकाळी मशीननं तीनशे बेचाळीस दाखवले. रजिस्टरात एक्केचाळीस. फॉर्मवर मी दोन्हीकडे एक्केचाळीसच लिहिलं.

मोजणी तालुक्याच्या कॉलेजात होती. माझं मशीन शेवटचं निघालं आणि तिथंच गाडं अडलं. शिट्टी चिन्हाचा उमेदवार एका मतानं पुढे, आणि फॉर्म म्हणतो मशीनमध्ये एक मत जास्त. शिलाई मशीनवाल्याच्या माणसांनी टेबल डोक्यावर घेतलं. मला घरून बोलावून आणलं.

मशीनच्या डब्यातल्या चिठ्ठ्या मोजायला घेतल्या. तीनशे बेचाळीस. पुन्हा मोजल्या. बेचाळीस. दोन्ही वेळा एक चिठ्ठी मोजणाऱ्या मुलीच्या बोटाला चिकटून वर आली. "ही ओली कशी?" ती म्हणाली. डबा चार दिवस लाखेनं बंद होता. बाकीच्या साऱ्या कुरकुरीत होत्या. ती शिट्टीची होती. मागे शिक्का नव्हता.

मोजणीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी, कलकेरी साहेबांनी, मला खिडकीपाशी नेलं. माणूस चांगला, माझ्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिल्याचं त्यांना ठाऊक होतं.

"मास्तर, लिहून द्या. तपासणीची मतं पुसल्यावर पुन्हा एकदा दाबून पाहिलं आणि शिक्का मारायचा राहिला. हे मत बाद करू, दोघं बरोबरीत येतील, चिठ्ठी टाकून निकाल लावू. तुम्हाला फार तर ताकीद मिळेल."

"आणि खरं लिहिलं तर?"

"खरं काय आहे?"

त्यांनी कोरा कागद आणि स्वतःचं पेन दिलं. निळंच होतं. एका ओळीचं काम होतं, बसल्या जागी. तिला एकदा मारताना जेवढी शाई लागली तेवढीच पुन्हा लागली असती. पेन्शन डोळ्यांसमोर होतं, बायकोचं ऑपरेशन डोळ्यांसमोर होतं.

मी लिहिलं: 'हे मत चौडम्मा हनुमंतप्पा, पाण्यापलीकडची, हिचं आहे. ती स्वतः आली होती. बटण मी दाबलं. तिचं नाव यादीत नाही, कारण ते मीच चुकून काढलं.'

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. "ही बाई कुठं आहे आता? बोलावता येईल?"

"नाही साहेब."

"सस्पेंड व्हाल मास्तर. वर लोक वेडा म्हणतील ते वेगळंच."

"म्हणू द्या."

त्यांनी वरच्या ऑफिसात फोन लावला, बराच वेळ बोलले. माझ्या कागदातलं त्यांना एकच वाक्य उपयोगी पडलं: बटण मी दाबलं. मत तपासणीचं नव्हतं, म्हणून ते राहिलं. शिट्टीवाला जिंकला, बाहेर ढोल सुरू झाले. माझी सस्पेंशनची ऑर्डर तिथंच टाईप झाली.

गठ्ठा बांधायची वेळ आली तेव्हा ती ओली चिठ्ठी टेबलावर एकटीच पडली होती. तिला हात लावायला कोणी तयार होईना. "गार पडलीये हो, मेल्यासारखी," ती मुलगी म्हणाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची आहे ना? तुम्हीच ठेवा गठ्ठ्यात."

मी ती उचलली. ओली होती अजून. पण गरम होती.