मुराळ्याची गाडी

"धरा, धरा!" असं राजाराम मिस्त्री ओरडेपर्यंत मोटारसायकल पलीकडच्या अंगाला आडवी झाली होती. त्याने आणि हरिबाने मिळून ती उचलली. हँडलला थोडं खरचटलं होतं.

"चाकं लहान घातली आन् ष्टँड हुतं तेवढंच लांब ऱ्हायलं," मिस्त्री म्हणाला. "गाडी खाली आली, तिचा पाय खाली आला न्हाई. माझीच चूक. कापतो."

"आनी काय ऱ्हायलंय का बघा," हरिबा म्हणाला. "मागं माझी लेक बसणार हाय."

साताऱ्यातल्या मिस्त्रीच्या शेडमध्ये हरिबाची ही तिसरी खेप होती. फौजेत तो मोटारसायकलवरून टपाल पोचवायचा. पेन्शनीत आल्यावर लष्कराच्या लिलावातून त्याने तसलीच गाडी घेतली होती. उंच, मोठ्या चाकांची, टायरला बोटभर खोल खाचा असलेली. ओढा असो की नांगरट, ती कुठूनही जायची. रहिमतपूरबाहेर त्याची वस्ती होती. तिथे रस्ता नव्हता, नुसती गाडीवाट होती, पण गाडी थेट दारात यायची. डांबरी रस्त्यावर मात्र ती अंग खिळखिळं करायची आणि ओल्या वळणावर घसरायची.

आता चाकांच्या मधल्या जुन्या तुंब्यांवर लहान आणि रुंद रिमा बसल्या होत्या. मिस्त्रीने तारा कापून, नवे आटे पाडून एकेक ओढली होती. टायर रस्त्याचे होते. मागे गादीचं सीट होतं, पाय ठेवायला पाटी होती आणि लुगडं चाकात जाऊ नये म्हणून जाळी होती.

"येक सांगतो, फौजी," ष्टँड कापून झाल्यावर मिस्त्री म्हणाला. "ही आता तुमच्या वस्तीवर चढायची न्हाई. वर मानूस बसला की चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला पाटी घासंल."

"ठाऊक हाय. तिथं उतरायचं. मी गाडी येका चाकोरीतनं ढकलीन, लेक दुसरीतनं चालंल. बोलत बोलत घरी जाऊ."

"आवं, येवढ्यासाठी चांगली रानातली गाडी मोडली व्हय?"

हरिबाने ष्टँड टेकवून बघितलं.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या महिनाभर आधी त्याची बायको राहीबाई वारली. सासरी गेलेल्या मुलीला पंचमीला माहेरी आणायला मुराळी जातो. तो बहुधा भाऊ असतो. हरिबाच्या लेकीला, अंजनाला, भाऊ नव्हता. हरिबा स्वतः सांगलीला गेला. तिची सासू चंद्राबाई दारात उभी राहून गाडीकडे बघत म्हणाली होती, "ह्या उंटावर? माझी सून न्हाई बसायची, पावणं."

"यष्टीनं न्हेतो."

"न्हेऊन करायचं काय? घरात बाईमानूस न्हाई. माहेर आईसंगं गेलं म्हनायचं आता. फुडच्या साली बघू."

तिने दोन कारणं सांगितली होती. त्यातलं गाडीचं तेवढं हरिबाला दुरुस्त करता येण्यासारखं होतं. यंदाही लेक आली नाही तर पुन्हा कधी येणार नाही, हे त्याला कळत होतं.

गाडी तयार झाल्यावर त्याने सराव सुरू केला. मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं बांधून तो सकाळी कोरेगावच्या रस्त्याने जायचा. ब्रेक लावताना पोतं पुढे सरकू नये, वळताना कलू नये, खड्डा दिसला की आधीच वेग उतरावा. नाक्यावरच्या चहावाल्या नानासोने एकदा हटकलंच, "फौजी, गिरण तर हिकडं हाय. जुंधळं रोज कुठं फिरवून आनताय?"

"हवा खायाला न्हेतो," हरिबा म्हणाला.

पंचमीच्या आदल्या दिवशी तो निघाला. पुसेसावळी, कडेगाव, विटा, तासगाव. गाडी रस्त्याला चिकटून चालत होती. सांगलीत चंद्राबाईच्या दारात त्याने ती उभी केली आणि ष्टँड नीट टेकलं का, हे आधी पाहिलं.

चंद्राबाई बाहेर आली. वाकून तिने जाळी हलवून बघितली, सीट दाबून पाहिलं.

"झ्याक केलीया हो," ती म्हणाली. "माझ्या बोलन्यावरनं?"

"व्हय."

आत बघून तिने हाक मारली, "अंजना, तुझं आबा आल्यात बघ."

अंजना उंबऱ्यात आली. एक हात चौकटीला आणि दुसरा कमरेला लावून ती उभी राहिली. हरिबाने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"सातवा लागलाय," चंद्राबाई म्हणाली.

"मला कळवलं न्हाई कुनी."

"मीच कळवू दिलं न्हाई, आबा," अंजना म्हणाली. "पयलं बाळंतपन माहेरी करत्यात. तुमाला कळलं असतं तर तुमी बाज विनून घ्यायला लागला असता. पर करनार कोन हुतं?"

"मी करीन हितं," चंद्राबाई म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "माझ्या लेकीचं केलं तसं करीन. पर असल्या दिसांत गाडीवर न्हाई धाडायची, पावणं. यष्टीतबी न्हाई."

"बराबर हाय," हरिबा म्हणाला.

जेवण झालं. आणलेलं लुगडं आणि हिरव्या बांगड्या त्याने लेकीच्या हातात दिल्या. निघताना ती गाडीपाशी आली.

"जाग्यावरच बसू का?"

त्याने सासूकडे पाहिलं. चंद्राबाईने मान डोलावली. हरिबा गाडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकवून पुढे उभा राहिला आणि हँडल घट्ट धरलं. चंद्राबाईने दंडाला धरून सुनेला सीटवर टेकवलं.

"पाय पुरत्यात की, आबा. माप कुनाचं घेतलं?"

"तुझंच. ज्वारीचं पोतं बांधून फिरत हुतो."

"मग आता दोन लागत्याल!" ती हसली. चंद्राबाईही हसली. हरिबा पुढेच बघत होता, पण त्याचे खांदे हलले.

ती उतरली. लाह्यांचं गाठोडं आणून म्हणाली, "मागं बांधू?"

"नको. हँडलला अडकीव."

परतीच्या वाटेवर कडेगावच्या अलीकडे झाडांना झोके बांधलेले दिसले. बायका जमायला लागल्या होत्या. सरावाने त्याचा हात खड्ड्याआधीच वेग उतरवत होता. वळणं तो तशीच घेत होता, सावकाश, मागच्या माणसाला हिसका बसणार नाही अशी.

वस्तीची वाट आली तेव्हा ऊन कललं होतं. त्याने इंजिन बंद केलं, उतरला आणि गाडी ढकलायला लागला. वाटेच्या मधोमध जायला हरकत नव्हती, पण त्याने चाकं डाव्या चाकोरीत घातली.

उजवी चाकोरी त्याने घरापर्यंत मोकळी ठेवली.