कुठल्या भागाचं?

जर्मनीत दोन वर्षं सॉसेज खाऊन परतलेला राजवर्धन कोल्हापुरात तसल्या सॉसेजसाठी वणवण फिरला. शेवटी एका दुकानातून गोठवलेल्या सॉसेजचं पाकीट आणून त्यानं ती तळली, तर वडिलांनी, म्हणजे जोतीरामांनी, विचारलं, "कुठल्या भागाचं हाय?"

राजवर्धननं पाकीट उलटसुलट करून बघितलं; त्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं. टांगलेलं बोकड बघितल्याशिवाय मटण न घेणाऱ्या जोतीरामांनी ताट सरकवलं.

रविवारी दोघं खाटकाकडं गेले. मांडी जोतीरामांनी निवडली. तिच्या खिम्यात मिरी-जायफळ कालवून राजवर्धननं तो धुतलेल्या आतड्यात भरला आणि तव्यावर खरपूस भाजला. पहिल्याच घासाला पठ्ठ्या म्युनिकला पोचला.

जोतीरामांनी चार खाल्ली, बोटं चाटली.

"कसं झालंय, आबा?"

"बोकड चांगलं हुतं की. उगंच आतड्यात कोंबलंस."